ठराव आणि करार : महाडच्या तळ्यापासून पालिकेच्या हजेरीपटापर्यंत

दर वर्षी १९-२० मार्चला आपण महाडला जातो. चवदार तळ्याला वळसा घालतो, क्रांतिस्तंभापाशी घोषणा देतो, पुस्तकांच्या स्टॉलवर रेंगाळतो आणि रात्रीच्या गाडीने परततो. आपण निघालो की मागे राहिलेला कचरा उचलायला सफाई कामगार येतात. ते कुणाच्या पगारावर असतात, कायम असतात की कंत्राटी, त्यांच्या संघटनेशी पालिका बोलते का, हा प्रश्न आपल्या व्यासपीठावरून विचारला जात नाही. आम्हीही अनेक वर्षे विचारला नाही, हे आधीच कबूल करतो.

खरे तर महाडचा संपूर्ण इतिहास एका नगरपालिकेच्या दोन ठरावांमधला आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मांडून मंजूर करून घेतला : सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. त्यानुसार महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. प्रत्यक्षात तीन वर्षे कुणी अस्पृश्य तिथे ओंजळ भरू शकला नाही. मार्च १९२७ च्या परिषदेसाठी पाणीसुद्धा चाळीस रुपयांना विकत घ्यावे लागले होते. २० मार्चला बाबासाहेबांनी पाणी प्यायले, त्यानंतर आपल्या माणसांवर हल्ले झाले, आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोले यांचा ठराव मंजूर झाला त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. तारखेचा हा योगायोग असेल, पण लक्षात ठेवण्यासारखा आहे.

या घटनेतून सवर्णांचा दुटप्पीपणा आपण नेहमी दाखवतो. तो आहेच. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी कामगाराला लगेच कळते. ठराव ही एका बाजूची गोष्ट असते. ज्यांच्याविषयी ठराव आहे ते सभागृहात नसतात, त्यांची सही नसते, त्यांना विचारून तो होत नाही आणि त्यांना विचारून रद्दही होत नाही. सुरबा टिपणीसांसारखे बाबासाहेबांचे सच्चे सहकारी त्या नगरपालिकेत होते, तरीही ठराव टिकला नाही. भल्या माणसाने दिलेली गोष्ट दुसऱ्या बहुमताने काढून घेतली. तळ्याचा हक्क शेवटी १७ मार्च १९३७ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने पक्का झाला, म्हणजे पालिकेच्या मेहेरबानीच्या बाहेर गेल्यावर.

करार ही वेगळी गोष्ट आहे. करारावर दोन सह्या असतात. एका बाजूला वाटले म्हणून तो फाडता येत नाही. आपल्याकडच्या औद्योगिक कायद्यानेही हेच मानले. कामगार आणि मालक यांच्यात झालेला समझोता मुदत संपली तरी आपोआप मरत नसे, रीतसर दोन महिन्यांची नोटीस मिळेपर्यंत तो दोघांना बांधून ठेवत असे. आमचे या लेखातले म्हणणे एवढेच आहे की पालिकेतल्या आपल्या माणसांना आजवर ठराव पुष्कळ मिळाले, करार फार थोडे. आणि ज्यांना करार मिळाले त्यांच्यात आपली सगळ्यात खालची माणसे नव्हती.

महाडच्या पहिल्या परिषदेचे एक मुख्य संघटक रामचंद्र बाबाजी मोरे पुढे मुंबईत कम्युनिस्ट कामगार चळवळीचे नेते झाले, हे आपल्याला ठाऊक असते, पण त्याचा अर्थ आपण लावत नाही. दासगाव-महाडचा मुलूख आणि मुंबईचा कामगार मोहल्ला या दोन वेगळ्या जागा नव्हत्याच. कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतली माणसे बोटीने मुंबईला जात आणि गोदीत, गिरणीत, रेल्वेत, पालिकेत लागत. डिसेंबर १९२७ ला बाबासाहेब स्वतः पद्मावती बोटीने दासगावच्या बंदरात उतरून महाडला गेले. त्या समुद्री वाटेने सत्याग्रह जसा आला, तशी मजुरीही गेली.

त्या काळात पालिकेतल्या सफाई कामगाराची कायद्यातली जागा काय होती? १९१६ चा संयुक्त प्रांताचा म्युनिसिपल कायदा आणि १९११ चा पंजाबचा कायदा यांत, भंगीकाम करणाऱ्याने नोटीस न देता काम सोडले तर तो गुन्हा होता. बाबासाहेबांनी १९४५ च्या काँग्रेस-गांधींवरील ग्रंथात ही कलमे मुद्दाम दाखवली. कारकून कामावर आला नाही तर फार तर त्याचा पगार कापला जाई. झाडूवाला आला नाही तर तो आरोपी होई. जातीने लादलेल्या कामाला पालिकेच्या कायद्याने फौजदारी कुलूप घातले होते. अशा माणसाने मालकाशी घासाघीस करायची ती कशाच्या जोरावर? घासाघिशीचा जोर काम थांबवण्याच्या शक्यतेत असतो, आणि तेच त्याच्याकडून काढून घेतले होते.

म्हणूनच १९३० च्या दशकाच्या मध्याला बाबासाहेबांनी मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला आणि त्याचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. आपल्या चरित्रग्रंथांत या संघाला दोन-चार ओळी मिळतात. येवल्याची घोषणा, स्वतंत्र मजूर पक्ष, खोती विधेयक यांच्या गर्दीत तो हरवतो. पण महाडनंतरची ही सरळ पुढची पायरी आहे, असे आम्हाला वाटते. तळ्यावर आपण नागरिक म्हणून पालिकेपुढे उभे राहिलो, संघात आपण कामगार म्हणून उभे राहिलो.

याच किनाऱ्यावर तेव्हा दुसरी एक घासाघीस चालू होती. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. तो संप १९३९ पर्यंत चालला. बाबासाहेब डिसेंबर १९३४ मध्ये चरीला आले होते. एवढी वर्षे उपाशी राहून त्या माणसांनी एक गोष्ट मिळवली : सरकारला आपल्याशी बोलावे लागते. संपाच्या त्या वर्षांची तपशीलवार हकिगत स्वतंत्र लेखाचा विषय आहे, इथे थांबतो.

१९३८ मध्ये काँग्रेसच्या मुंबई सरकारने औद्योगिक तंट्यांचे विधेयक आणले. समेटाची लांबलचक प्रक्रिया पूर्ण केल्याशिवाय संप केला तर तुरुंग, आणि मालकाने मान्य केलेल्या संघटनांना झुकते माप. १५ सप्टेंबर १९३८ च्या भाषणात बाबासाहेबांनी मांडलेला मुद्दा साधा होता. नोकरीचा करार मोडणे हा फार तर दिवाणी दावा आहे, त्याला गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला इच्छेविरुद्ध राबवणे, म्हणजे गुलामी. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे, असे ते म्हणाले. हे वाक्य आपण भिंतींवर लिहितो. पण ते उच्चारणाऱ्या माणसासमोर गिरणी कामगाराबरोबरच काम सोडल्याबद्दल दंड भरणारा झाडूवालाही होता, हे विसरतो. ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप केला. पोलिसांनी गोळीबार केला. विधेयक तरीही कायदा झाले.

पुढचा भाग आपल्या चळवळीत जवळजवळ अज्ञात आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. कामाचे आठ तास, स्त्री कामगारांचे हक्क हे आपण सांगतो. पण नोव्हेंबर १९४३ मध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात ट्रेड युनियन कायद्याची दुरुस्ती मांडली, तिचा उल्लेख क्वचित होतो. १९२६ च्या कायद्याने संघटनेची नोंदणी होत होती, पण मालकाने तिच्याशी बोललेच पाहिजे असे बंधन नव्हते. मालक म्हणायचा, तुमची युनियन असेल नोंदलेली, मी ओळखत नाही. बाबासाहेबांच्या विधेयकात तीन गोष्टी होत्या : प्रातिनिधिक संघटनेला मान्यता देणे मालकावर बंधनकारक, ती मान्यता मिळवण्याच्या अटी, आणि मान्यता नाकारणे हा शिक्षेस पात्र गुन्हा.

जरा उलटून पाहा. १९११ आणि १९१६ च्या पालिका कायद्यांत कामगाराने काम नाकारणे हा गुन्हा होता. १९४३ च्या या विधेयकात मालकाने बोलणे नाकारणे हा गुन्हा ठरणार होता. महाडला तळ्यात हात घातलेल्या माणसाने हे लिहिले होते. शिवू नका, बोलू नका, ओळखू नका, ही अस्पृश्यतेची भाषा कारखान्यात कशी दिसते हे त्याला दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मालकांनी विरोध केला, विधेयक रखडले, १९४६ मध्ये पुन्हा आणले गेले, आणि १९४७ मध्ये ते कायदा म्हणून मंजूर झाले. आणि तो कायदा कधीही अंमलात आणला गेला नाही. अंमलाची अधिसूचनाच निघाली नाही. स्वतंत्र भारताच्या सरकारांनी, काँग्रेसच्या आणि नंतरच्याही, संघटनेच्या सक्तीच्या मान्यतेचा हा केंद्रीय कायदा दशकानुदशके कपाटात ठेवला. ठराव मागे घेण्याची ही सुधारलेली पद्धत. रद्द करायचे नाही, फक्त लागू करायचे नाही.

मान्यता या एका शब्दासाठी जगात इतरत्रही रक्त सांडले आहे. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १ फेब्रुवारी १९६८ ला दोन काळे सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात चिरडून मेले. १२ फेब्रुवारीपासून सुमारे तेराशे कामगार संपावर गेले. जवळजवळ सगळे काळे. मागणी पगाराची होती, पण महापौर हेन्री लोब सगळ्यात जास्त अडून बसला तो संघटनेला मान्यता देण्यावर आणि वर्गणी पगारातून कापण्यावर. कामगारांच्या गळ्यातल्या फलकांवर ‘मी माणूस आहे’ एवढेच लिहिलेले असे. मार्टिन ल्यूथर किंग तिथे याच संपाच्या पाठिंब्यासाठी गेले होते, ४ एप्रिलला तिथेच त्यांचा खून झाला. १६ एप्रिलला शहराने संघटनेला मान्यता दिली. किंग यांचे छायाचित्र आपल्या कार्यालयांत असते, पण ते कुठल्या संपात मारले गेले हे तरुण कार्यकर्त्यांना विचारून पाहा.

आता आपल्याकडच्या कायद्याकडे येऊ. पालिका ‘उद्योग’ आहे की नाही, यावर आपल्या न्यायालयांत बराच काथ्याकूट झाला. बंगालमधल्या बजबज नगरपालिकेने एक हेडक्लार्क आणि एक सॅनिटरी इन्स्पेक्टर काढून टाकले, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५३ मध्ये पालिकेचा वादही औद्योगिक तंटा होऊ शकतो असे ठरले. १९६० चा नागपूर महापालिकेचा निकाल तर आपल्या प्रत्येक कर्मचारी संघटनेने भिंतीवर लावावा असा आहे. न्यायालयाने एकेक खाते तपासले. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, आरोग्य, अग्निशमन, बाजार, उद्याने, बांधकाम, करवसुली, शिक्षण, सर्वसाधारण प्रशासन. आणि ही सगळी खाती उद्योगात बसतात असे सांगितले. म्हणजे नळाचा फिटर, टॅक्सचा कारकून, ड्राफ्ट्समन आणि गटारात उतरणारा माणूस हे कायद्याच्या दृष्टीने एकाच छताखालचे कामगार आहेत. अभियंत्याला कामगार म्हणायचे की नाही हेही त्याच्या हुद्द्याच्या पाटीवरून नव्हे, तो प्रत्यक्षात कोणते काम करतो यावरून ठरते.

कायद्याने जे एका छताखाली आणले ते आपणच वेगळे केले. हे थोडे कटू आहे, पण बोलायला हवे. आरक्षणातून पालिकेत लागलेला आपला ज्युनियर इंजिनियर, लेखापाल, परिचारिका, शिक्षक मागासवर्गीय कर्मचारी संघटनेचा सभासद असतो. रोस्टर, बिंदुनामावली, पदोन्नती, जात पडताळणी, १४ एप्रिलचा कार्यक्रम. ही सगळी कामे आवश्यक आहेत, त्यांची टिंगल करणाऱ्यांपैकी आम्ही नाही. पण ही संघटना निवेदन देते. निवेदनाला मिळते ते परिपत्रक, किंवा ठराव. पगार, पाळ्या, सुरक्षा साधने, बदल्या यांवर प्रशासनाशी बसून करार करण्याचा अधिकार दुसऱ्याच कुणा मान्यताप्राप्त युनियनकडे असतो, आणि तिच्या कार्यकारिणीत आपला माणूस बहुधा नसतो. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने किमान ३० टक्के सभासद असलेल्या संघटनेला मान्यता मागता येते. मान्यताप्राप्त युनियनशी प्रामाणिकपणे वाटाघाटी न करणे ही त्या कायद्यात मालकाची अनुचित प्रथा आहे. झालेला करार न पाळणे हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. म्हणजे बाबासाहेबांनी १९४३ मध्ये जे देशासाठी मागितले त्याचा काही भाग महाराष्ट्रात होता. आपण तो वापरायला शिकलो नाही.

‘सामूहिक’ सौदा म्हणताना समूहात कोण, हा प्रश्न मात्र सुटत नाही. १९२८-२९ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी डाव्या पुढाऱ्यांना विचारले होते की अस्पृश्यांना विणाईखात्यात घेण्याची मागणी तुमच्या यादीत का नाही? विणाईखात्याची आजची आवृत्ती म्हणजे कंत्राट. पालिकेची मान्यताप्राप्त युनियन करार करते तो कायम कर्मचाऱ्यांसाठी. घंटागाडीवरचा, गटारातला, उद्यानातला माणूस ठेकेदाराचा. तो अनुचित प्रथांविरुद्ध औद्योगिक न्यायालयात गेला तर पालिका म्हणते, हा आमचा कामगारच नाही. २००१ मध्ये सिप्ला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मालक-कामगार हे नातेच वादात असेल तर १९७१ च्या कायद्याखाली तक्रार चालणार नाही, आधी ते नाते दुसरीकडे सिद्ध करून या. पाणी प्यायला आधी तुझा हक्क सिद्ध कर, असे महाडच्या सवर्णांनीही दिवाणी कोर्टात सांगितले होते.

सफाई कामगारांच्या वारसाला नोकरी देणाऱ्या लाड-पागे समितीच्या शिफारशींबद्दल आपल्यात दोन मते आहेत. आम्हाला वाटते की त्या संरक्षणावर हल्ला झाला तर ते वाचवलेच पाहिजे, कारण कायम नोकरीचा तो शेवटचा दरवाजा आहे. पण तो दरवाजा बापाच्या झाडूतून मुलाच्या झाडूकडेच उघडतो, हेही नाकारू नये. पिढीजात कामाची हमी हा सौद्यातला विजय असतो तेव्हा सौदा फार खाली झालेला असतो.

तरीही लढाया जिंकल्या गेल्या आहेत. २००६ मध्ये उमादेवी निकालाने हंगामी, तात्पुरत्या कामगारांना कायम होण्याचा हक्क नाही असे सांगितल्यावर सगळ्या प्रशासनांनी ते वाक्य ढालीसारखे वापरायला सुरुवात केली. तिला छेद दिला तो कास्ट्राईब राज्य परिवहन कर्मचारी संघटनेने. होय, आपल्याच कास्ट्राईबने. एसटीच्या सफाई कामगारांच्या प्रकरणात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की वर्षानुवर्षे माणसाला बदली, हंगामी म्हणून ठेवून कायमपणाचे फायदे नाकारणे ही १९७१ च्या कायद्याखाली अनुचित प्रथा आहे, आणि औद्योगिक न्यायालयाचा त्याबाबतचा अधिकार उमादेवीने संपलेला नाही. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने याहून लांबची वाट चालली. महापालिका कचरा उचलणाऱ्यांना कामगार न म्हणता स्वयंसेवक म्हणत होती, आणि कंत्राटे अशी तोडत होती की एका ठेक्यात वीसपेक्षा कमी माणसे राहावीत, म्हणजे कंत्राटी कामगार कायदा लागूच होऊ नये. लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून एप्रिल २०१७ मध्ये २,७०० कामगारांच्या कायमपणावर शिक्कामोर्तब झाले. या दोन्ही ठिकाणी निवेदनाने काही मिळाले नाही.

रायगडात चित्र काय? पनवेलची नगरपालिका १८५२ ची. १ ऑक्टोबर २०१६ ला ती महापालिका झाली, भोवतालची २९ गावे तिच्यात आली. शहराचा दर्जा एका अधिसूचनेने वाढला, ग्रामपंचायतींच्या कर्मचाऱ्यांना सामावून घेण्याचा प्रश्न मात्र पुढे वर्षानुवर्षे रेंगाळला. २०२२ मध्ये पहिल्या सभागृहाची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला, म्हणजे ठराव करायलाही कुणी निवडून आलेले उरले नाही. अलिबाग, पेण, उरण, रोहा, मुरूड, श्रीवर्धन, महाड यांसारख्या नगरपरिषदांत तर मालक कोण हेच सापडत नाही. पगाराचे सहायक अनुदान राज्य देते, आकृतिबंध राज्य मंजूर करते, अभियंता आणि लेखापाल राज्यस्तरीय संवर्गातले, सफाईची निविदा नगरपरिषदेची, हजेरी ठेकेदाराच्या मुकादमाकडे. या किनाऱ्यावरच्या एका गावात आम्ही कंत्राटी कामगारांसोबत अर्ज घेऊन गेलो तेव्हा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, तिथून जिल्ह्याला, तिथून पुन्हा ठेकेदाराकडे अशी फेरी झाली. शेवटी अर्जावर फक्त आवक क्रमांक मिळाला.

जुलै २०२१ मध्ये महाड पुरात बुडाले. पाणी ओसरल्यावर बाजारपेठेत गुडघाभर चिखल होता. मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या पालिकांनी सफाईची पथके पाठवली आणि त्यांनी ते शहर धुऊन काढले, तळ्याच्या आजूबाजूची गल्लीन् गल्ली. सत्कार झाले, छायाचित्रे आली. त्या पथकांत कायम किती आणि कंत्राटी किती, हे एकाही बातमीत आमच्या वाचनात आले नाही.

आता नवे प्रकरण सुरू झाले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यात वाटाघाटी करणाऱ्या युनियनची तरतूद आहे, ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असेल तर एकटीला, नाहीतर किमान २० टक्के पाठिंब्याच्या संघटनांची परिषद. संपाआधी चौदा दिवसांची नोटीस आता सगळ्याच उद्योगांना. टक्केवारी मोजायची ती आस्थापनेच्या हजेरीपटावरच्या कामगारांची. ज्या सफाई खात्यात रोज रस्त्यावर उतरणारी बहुसंख्य माणसे ठेकेदाराची आहेत, तिथल्या पालिकेच्या हजेरीपटावर त्यांची नावेच नाहीत. येत्या मार्चमध्ये महाडला जाताना आम्ही एक कोरी वही सोबत नेणार आहोत. ज्यांची नावे त्या पटावर नाहीत, त्यांची नावे आणि किती वर्षे काम करतात ते, त्यांच्याच तोंडून लिहून घ्यायचे. ज्या कार्यकर्त्यांना माहितीच्या अधिकारात निविदा आणि वर्क ऑर्डरच्या प्रती काढता येतात त्यांनी त्या आधीच काढून आणाव्यात.